टकटक मावशी आणि एका दारातले दोन पहारेकरी

एक सांगा. तुमच्या लॅपटॉपात राखणीला किती जण बसवलेत, आणि ते कोणी बसवले, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नुसती मान हलवू नका. मीही अशीच हलवली होती, आणि त्यापायी एकसष्ट माणसांचं म्हणणं एका दिवसात मातीला मिळायची वेळ आली होती. हे जिच्या टेबलावर घडलं त्या बाईची ही हकिगत.

तिला सगळे टकटक मावशी म्हणतात. विभाग कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या ओसरीत तिचं टेबल आहे. सव्वीस वर्षं ती तिथे बसून लोकांचे अर्ज टाइप करून देते. आधी टाइपरायटर होता, त्याच्या आवाजावरून हे नाव पडलं. पुढे यंत्र भंगारात गेलं, लॅपटॉप आला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. टेबलावर त्या यंत्राच्या पायांचे चार खळगे अजून आहेत. लॅपटॉप डगमगू नये म्हणून मावशीने त्यांवर पुठ्ठा टाकलाय, आणि पुठ्ठ्यावर कुणाचा तरी जुना जोडपत्राचा नमुना उलटा चिकटवलाय.

मावशीचे नियम दोन. पहिला, तिचं बोट कुणाच्या बाजूचं नाही. सकाळी भाडेकरू येतो, घरमालकाने पाणी तोडलं म्हणून रडतो, मावशी लिहून देते. दुपारी तोच घरमालक येतो, भाडेकरूने भिंत फोडली म्हणून ओरडतो, मावशी तेही तितक्याच मन लावून लिहून देते. एकदा दोघं एकाच वेळी आले आणि तिच्या टेबलापाशीच जुंपली, तर मावशी म्हणाली, भांडा खुशाल, पण एकेक वाक्य भांडा, मला टाइप करता येईल असं.

दुसरा नियम वाचून दाखवण्याचा. अर्ज झाला की छापण्याआधी ती तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत मोठ्याने वाचते. समोरचा शिकलेला असो की अंगठेबहाद्दर. आपल्या नावाने काय जातंय ते माणसाच्या कानावरून गेलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं. कुणी नुसतं हं-हं करू लागलं की ती थांबते आणि विचारते, आत्ता मी काय वाचलं ते सांग.

तर आमच्या वस्तीत एक सरकारी दवाखाना आहे. दोन खोल्या, एक डॉक्टर, एक नर्स, आणि बाहेर एक बाक. तो बंद करून चार किलोमीटरवर, मोठ्या रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत न्यायचं ठरलं. आम्ही आरडाओरडा केला तेव्हा सुनावणी लागली. अट अशी, की जे लोक दवाखाना वापरतात त्यांनी प्रत्येकाने आपापलं निवेदन द्यायचं, छापील, सहीचं, आणि सगळी एका गठ्ठ्यात गुरुवारी बारा वाजेपर्यंत. पोचलं तर फेरविचार, नाहीतर एक तारखेला कुलूप. मी दारोदार फिरून माणसं मावशीकडे पाठवत होते. तीन आठवड्यांत सत्तेचाळीस निवेदनं तिच्या लॅपटॉपात जमली. एकच फाइल, त्यात एकाखाली एक. छापायचं शेवटी एकदम, आणि बुधवारी सकाळी सगळ्यांनी येऊन सह्या करायच्या, असं ठरलं.

शनिवारी मी वेगळ्याच कामाला वर, सुनावणी घेणाऱ्या साहेबांकडे गेले. साहेब माणूस गोड बोलणारा. मला बसवून म्हणतो, तुमच्यातल्या एका बाईंकडे इन्सुलिन ठेवायला फ्रिज नाही म्हणे, दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये ठेवतात, वाईट वाटलं ऐकून.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ते निवेदन आदल्याच दिवशी टाइप झालं होतं. कागदावर नव्हतं, दिलेलं नव्हतं, मावशीच्या लॅपटॉपाबाहेर गेलेलंच नव्हतं. मी जिना उतरले ती तडक टेबलापाशी.

"मावशी, तुझ्या लॅपटॉपात हेर आहे."

मावशीने चष्मा वर केला. "अगं, जावयाने घातलेलं अँटिव्हायरस आहे की त्यात."

"ते जंतू मारतं. हेर पकडायला वेगळं लागतं."

हे मला कुठून कळलं? कुठेतरी अर्धवट वाचलं होतं. पण मी शाळा सोडल्यापासून जे शिकले ते असंच, अर्धवट वाचून आणि पूर्ण भांडून, त्यामुळे माझ्या आवाजात शंका नसते. मावशीला वाटलं, हिला माहीत असणार.

जावयाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तो दुसऱ्या शहरात संगणकाच्या कंपनीत आहे. सासूचा लॅपटॉप हे तो स्वतःचं खातं समजतो. आला की आधी लॅपटॉप उघडतो, मग चप्पल काढतो. त्याने घातलेलं अँटिव्हायरस कसं चाललंय, हे तो दर रविवारी फोन करून विचारतो, जसं कुणी नातवाचा ताप विचारावा. मावशीला त्याचा भारी अभिमान. ओसरीत येणाऱ्या प्रत्येकाला तिने त्या कोपऱ्यातलं हिरवं चिन्ह दाखवलेलं आहे. हे आमच्या जावयांचं, म्हणून.

सोमवारी दुपारी मी स्वतः बसून हेर पकडणारं अँटिस्पायवेअर घातलं. त्याने एक प्रश्न विचारला होता, तो मला आजही आठवतो: दिवसभर पहारा देऊ, की तुम्ही बोलवाल तेव्हाच झडती घेऊ? मी दिवसभर वर टिचकी मारली. रजेवर जाणारा पहारेकरी कुणाला हवाय? कोपऱ्यात हिरव्याशेजारी एक निळं चिन्ह आलं. मावशी म्हणाली, दोघं शेजारी छान दिसतात.

मंगळवारी चौदा जण निवेदन द्यायला आले, शेवटचा दिवस म्हणून. त्या दिवशी लॅपटॉपाचा पंखा सकाळपासून घोंघावत होता. एक अक्षर दाबलं की ते श्वास घेऊन उमटायचं. आणि पडद्यावर चौकटी येऊ लागल्या. निळा म्हणायचा, हा हिरवा प्रत्येक फाइल उघडून बघतोय, संशयास्पद आहे, अडवू का? मावशीने हो म्हटलं. पाच मिनिटांनी हिरवा म्हणायचा, हा निळा माझ्या कामात ढवळाढवळ करतोय, धोकादायक आहे, थांबवू का? मावशीने त्यालाही हो म्हटलं. त्या परक्या भाषेतलं तिला जेमतेम लागायचं, पण तक्रारीचा सूर तिला बरोबर कळतो, त्यात तिचा जन्म गेलाय. एकाचं ऐकलं तर दुसऱ्याचंही ऐकायला हवं. भाडेकरू आणि घरमालक. ती दिवसभर दोघांनाही हो म्हणत राहिली, आणि वर मला नंतर सांगते, मी अगदी सारख्या संख्येने म्हटलं बरं, कुणावर अन्याय नको.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मावशीचा फोन आला.

"सापडला गं."

"कोण?"

"हेर. त्या निळ्याने धरला. लिहिलंय, हा तुमची प्रत्येक कळ टिपून घेतो. कोंडून ठेवू का, विचारत होता. मी म्हटलं, विचारतोस काय."

मी तेव्हा चहाच्या टपरीवर होते. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना मी मोठ्या आवाजात सांगितलं, की बघा, मी म्हणत होते ना. दोघांनी टाळी दिली. टपरीवाल्याने चहा वाढवून दिला. मावशी तिकडे मशीन बंद करायला गेली तर ते बंद होईना, पडद्यावर नुसतं एक चाक गरगरत राहिलं. शेवटी तिने बटण दाबून धरलं आणि घरी गेली. मी खूश होते.

बुधवारी सकाळी नऊला ओसरीत सह्या करायला तीसेक माणसं जमलेली. मावशीने फाइल उघडली आणि तशीच बसून राहिली. मी मागून वाकून पाहिलं. निवेदनं होती, ओळी होत्या, परिच्छेदही जागच्या जागी होते. फक्त आपली अक्षरं नव्हती. त्यांच्या जागी परकी अक्षरं, त्यांवर टोप्या, मधेच टक्के, कंस, उलटी उद्गारचिन्हं. दवाखान्याच्या जागी चार कंस आणि एक मासा वाटावा अशी खूण.

पुढच्या रांगेतले एक आजोबा पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होते. म्हणाले, "हे माझं का? मी एवढं वाईट बोललो नव्हतो."

कुणी हसलं, कुणी घाबरलं. एक जण म्हणाला, हेराने जाता जाता सूड घेतला. दुसरा म्हणाला, ही सांकेतिक लिपी आहे, वर पाठवायची. आणि मी, खोटं का सांगू, दुसऱ्याच्या बाजूने होते. मी म्हटलं, मावशी, कशालाही हात लावू नकोस, हा पुरावा आहे. मावशी कळा दाबून बघत होती. तिने स्वतःचं नाव टाइप केलं, तर सहा खुणा आणि एक स्वल्पविराम उमटला. सव्वीस वर्षं बोटांनी जे केलं ते बोटं करत होती, पण पडदा भलतंच बोलत होता. तिने हात मांडीवर घेतले आणि उलटेपालटे करून बघितले, जणू दोष तिथे असेल.

मग हळू आवाजात मला म्हणाली, "मी त्याला हो म्हटलं होतं. आता नाही म्हणता येतं का गं?"

गुरुवारी बाराला सत्तावीस तास उरले होते. लोक माझ्याकडे बघत होते आणि मी त्या माशाकडे.

मग आम्ही लॅपटॉप उचलून मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याचं दुकान म्हणजे एक उभं कपाट, त्यात तो बसलेला, कपाळावर भिंग. मी हेर, सूड, लिपी, सगळं एका दमात सांगितलं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, ताई, तुम्ही जरा बाहेर उभ्या राहा, तुमच्यामुळे उजेड अडतोय.

पाऊण तास त्याने काम केलं. मग मावशीला जवळ बोलावलं. निळ्याच्या कोठडीची यादी पडद्यावर होती. तिच्यात एकच नाव होतं.

"हा तुमचा हेर. ओळखता का?"

मावशीने चष्मा सावरला. "हा तर माझा कळफलक."

त्याने मग आम्हाला पोरांना सांगावं तसं सांगितलं. मावशीचं टाइपिंग जुन्या पद्धतीचं. तिने एक कळ दाबली की मध्ये बसलेला एक छोटा प्रोग्रॅम ती ऐकतो, आणि तिच्या जागी आपलं अक्षर ठेवतो. ऐकल्याशिवाय तो लिहिणार कसा? तेव्हा प्रत्येक कळ टिपतो हे खरंच. हिरव्याला ते माहीत होतं, कारण जावयाने त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, हा आपल्या घरचा. निळ्याला कुणीच सांगितलं नाही. त्याने घरच्यालाच चोर म्हणून कोंडलं आणि त्याच्यासोबत अक्षरांचे साचेही कोंडले. साचे गेल्यावर निवेदनं तशीच राहिली, पण वाचायला कुणी उरलं नाही.

"आणि दुसरा कुणी हेर?" मी दारातून विचारलं.

"कानाकोपरा बघितला. कुणी नाही."

"मग साहेबांना कळलं कसं?"

"ते लॅपटॉपात नाही, ताई. ते मला विचारू नका."

माझ्या डोक्यातला गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. हेर नव्हता, तरी बातमी गेली होती. पहारेकरी दोन होते, तरी नासधूस झाली होती. दुरुस्तीवाला म्हणाला, एका दारात दोघांना दिवसभर उभं केलं की हे होणारच. कुठलीही फाइल आली की दोघं तिला एकदमच धरतात, आधी मी बघणार, आधी मी बघणार. ओढाताणीत मशीन दमतं. एकाला दारात ठेवा. दुसऱ्याला घरी झोपू द्या, आठवड्यातून एकदा बोलवा, झडती घ्या, परत पाठवा. कोणाला झोपवू, तेवढं सांगा.

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपाकडे, मग रस्त्याकडे. मी म्हटलं, अगं सांग की. तेवढ्यात तिचा फोन वाजला. जावई. त्याला मावशीच्या लेकीने कळवलं होतं. फोनमधून त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता: दुसरं कोणी घातलं, आई? मला न विचारता कोणी घातलं?

मावशी म्हणाली, "घातलं एकीने. चांगल्या मनाने घातलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिरवा बंद करावा तर जावयाचा मान जातो. निळा बंद करावा तर मी समोर उभी, आणि माझा राग अख्ख्या वस्तीला माहीत. म्हणून ही बाई मंगळवारी दिवसभर दोघांना हो म्हणत बसली होती. भाडेकरू-घरमालकाची गोष्ट होतीच, पण तिच्या आत ही दुसरी होती. लोकांच्या भांडणात जिचं बोट थरथरत नाही, तिला घरच्या दोन माणसांपुढे नाही म्हणता येईना.

मी दारातूनच म्हटलं, माझं झोपवा. हे दोन शब्द उच्चारायला मला फार जड गेले, पण त्याचं कौतुक नको. चूक माझीच होती.

दुरुस्तीवाल्याने कळफलकाला कोठडीतून सोडवलं, निळ्याला बजावलं की हा घरचा आहे, आणि त्याचा दिवसभराचा पहारा काढला. फाइल उघडली. टोप्या गेल्या, मासा गेला, दवाखाना परत आला. मावशीने पहिली ओळ तिथेच दुकानात मोठ्याने वाचली. शेजारचा चावीवाला मान काढून बघू लागला.

मग ती खाली खाली गेली आणि सत्तेचाळिसाव्या निवेदनापाशी थांबली. त्याच्या पुढे कोरं होतं.

मंगळवारची चौदा नव्हती. दिवसभर ती जतन करत होती, आणि दिवसभर दोघं फाइल धरून बसले होते. चाक गरगरत होतं ते त्याचंच. जतन काहीच झालं नव्हतं. दुरुस्तीवाल्याने तात्पुरत्या फाइली शोधल्या, इथे तिथे खणलं, तुकडे मिळाले, माणूस मिळाला नाही. त्या चौदा जणांची नावंपत्ते आमच्याकडे कुठेच लिहिलेली नव्हती. जे होतं ते त्या फाइलीत होतं.

आम्ही ओसरीत परत आलो तेव्हा दुपार झाली होती. सह्या करायला आलेले काही जण थांबले होते, काही कंटाळून गेले होते, पुन्हा आले. मावशीने प्रत्येकाला चेहऱ्याने ओळखलं. तू काल आलास. तू परवा, तुझं आहे, बस. मंगळवारच्या चौदांपैकी अकरा जण संध्याकाळपर्यंत सहीसाठी आले. अकराही जणांनी सगळं पुन्हा सांगितलं. एक बाई चिडली, म्हणाली, दुखणं एकदा सांगायला लागतं तेच पुष्कळ. मावशी म्हणाली, खरंय, आणि पुढची ओळ टाइप केली. अकराही निवेदनं तिने वाचून दाखवली. मी म्हटलं, मावशी, आज वेळ नाही, वाचणं सोड. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी आणायला गेले.

गुरुवारी साडेअकराला आम्ही अठ्ठावन्न निवेदनांचा गठ्ठा घेऊन जिना चढलो. वळणावर शिपाई उभा होता. मी त्यालाच धरलं. म्हटलं, खरं सांग, आमची बातमी वर कोण पोचवतं? त्याला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाला, पोचवायचं काय त्यात? साहेबांची खिडकी ओसरीच्या डोक्यावर आहे, आणि मावशी वाचतात किती स्वच्छ. साहेब तर दुपारी पंखा बंद करतात, नीट ऐकू यावं म्हणून.

मी मावशीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग काहीतरी हिशेब चालल्यासारखं दिसलं. दोन पायऱ्या चढून ती थांबली आणि म्हणाली, "मग तीन आठवडे त्यांनी सगळं ऐकलंय म्हणायचं."

ऐकलं होतं की चोरलं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. साहेब चोर आहे की एकटाच नीट ऐकणारा माणूस, यावर मावशीचं आणि माझं दोनदा वाजलंय. ती आजही तितक्याच मोठ्याने वाचते. मी टेबल हलव म्हटलं, तर म्हणाली, खिडकी त्यांची आहे, लावायची तर त्यांनी लावावी.

सुनावणीत गठ्ठा घेतला गेला. साहेबांनी वरवर चाळला, इन्सुलिनच्या पानावर थांबले, आणि एक तारखेचं कुलूप पुढे ढकललं. निर्णय पुढच्या महिन्याच्या शेवटी. तोवर आणखी निवेदनं आली तर गठ्ठ्याला जोडू म्हणाले, अठ्ठावीस तारखेपर्यंत. अठ्ठावन्न काही कमी नाहीत. पण मावशीच्या डोक्यातून ते तीन जात नाहीत. तिला त्यांची नावं सांगता येत नाहीत, म्हणणं शब्दन् शब्द सांगता येतं. मी म्हटलं, मग टाइप करून टाक. तर म्हणाली, त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय मी त्यांच्या नावाने काही पाठवणार नाही.

म्हणून हे लिहितेय, आणि आता तुमच्याशीच बोलतेय. त्या मंगळवारी ज्याच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती आणि डाव्याने सही चालेल का असं विचारून गेला, तो माणूस. ज्या दोघी जावा आल्या, त्यांतली धाकटी, जिला थोरली सारखी गप्प करत होती. आणि भलत्याच दाखल्यासाठी आलेला, वडिलांच्या पायाचं ड्रेसिंग एक दिवसाआड करून घेणारा, माझ्या बापाला कळू देऊ नका म्हणणारा. तुमचं म्हणणं हरवलं ते आमच्या हातून, तुमच्या नाही. तुम्ही त्यांतले असाल, किंवा त्यांना ओळखत असाल, तर अठ्ठावीसच्या आत जिन्याखाली या आणि मावशीसमोर बसून एकदा, फक्त एकदाच, पुन्हा सांगा.